नागरी संस्थांचा राज्य शासनाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार (महाराष्ट्र)

नागरी संस्थांचा राज्य शासनाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार हा महाराष्ट्रातील नगरविकास आणि स्थानिक स्वराज्य यांच्याशी संबंधित असा कायदेविषयक प्रश्न आहे. शहराच्या विकासाचे नियम राज्य शासनाने ठरविले किंवा बदलले आणि ते त्या शहराच्या नगरपरिषदेस अथवा महानगरपालिकेस मान्य नसले, तर ती संस्था शासनाविरुद्ध न्यायालयात जाऊ शकते काय, जाऊ शकत असल्यास तसा निर्णय कोणी घ्यावयाचा आणि न्यायालय त्यात कितपत लक्ष घालते, हे या प्रश्नाचे तीन मुख्य भाग आहेत.

कायद्याने नगरपरिषद व महानगरपालिका या स्वतंत्र व्यक्तिमत्त्व असलेल्या निगम संस्था आहेत. त्यांना स्वतःच्या नावाने दावा लावता येतो व त्यांच्यावरही दावा लावता येतो. परंतु या संस्था राज्याच्या कायद्यानेच जन्माला येतात, त्यांचे मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य शासन नेमते आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग शासनाच्या अनुदानातून येतो. त्यामुळे हा अधिकार कागदावर स्पष्ट असला तरी व्यवहारात तो क्वचितच वापरला जातो. जालना शहर ऑगस्ट २०२३ मध्ये नगरपरिषदेतून महानगरपालिकेत रूपांतरित झाले. त्यानंतर तेथील कारभार काही काळ प्रशासकाकडे होता. त्यामुळे या प्रश्नाचे बहुतेक पैलू समजून घेण्यास जालन्याचे उदाहरण उपयुक्त ठरते.

## घटनात्मक पार्श्वभूमी

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत 'स्थानिक शासन' हा विषय पाचव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे नगरपालिका स्थापन करणे, त्यांचे अधिकार ठरविणे व त्यांवर देखरेख ठेवणे हे राज्य विधिमंडळाचे क्षेत्र ठरते. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात 'नगरपालिका' हा भाग नऊ-क समाविष्ट झाला आणि नागरी संस्थांना प्रथमच घटनात्मक स्थान मिळाले. याच दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यांतील पहिला विषय नगररचनेसह नागरी नियोजन हा असून दुसरा जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे विनियमन हा आहे.

हे विषय नगरपालिकांकडे आपोआप जात नाहीत. अनुच्छेद २४३-ब खालील तरतुदीप्रमाणे राज्य विधिमंडळ कायद्याने ते अधिकार नगरपालिकांना देऊ शकते. 'देईल' आणि 'देऊ शकेल' या दोन क्रियापदांमधील अंतर हेच या विषयावरील बहुतेक वादांचे मूळ आहे. नागरी संस्थांच्या बाजूने असे मांडले जाते की, घटनेने ज्यांना स्वराज्य संस्था म्हटले त्यांच्याकडून नियोजनाचा अधिकार काढून घेणे हे घटनेच्या हेतूशी विसंगत आहे. शासनाची बाजू अशी की, अधिकार द्यावयाचा किती व कोणत्या मर्यादेत, हे ठरविणे घटनेनेच विधिमंडळावर सोपविले आहे.

केंद्र व राज्ये यांच्यातील किंवा राज्याराज्यांतील वाद अनुच्छेद १३१ नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात जातात. नगरपालिकेला हा मार्ग खुला नाही. तिला सामान्यतः अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. दिवाणी न्यायालयात शासनाविरुद्ध दावा लावावयाचा झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस देणे आवश्यक असते. नगरपालिका ही नागरिक नसल्यामुळे अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्यांचा आधार तिला घेता येत नाही. तिचा युक्तिवाद मुख्यतः कायद्याने दिलेले अधिकार, ठरवून दिलेली कार्यपद्धती आणि शासनाच्या अधिकारांची मर्यादा यांवरच उभा राहतो.

## विकासाचा कायदा

महाराष्ट्रात शहरांच्या वाढीचे नियमन मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याने होते. तत्पूर्वी मुंबई राज्यात १९१५ व १९५४ चे नगररचना कायदे होते. जालना व मराठवाड्यातील इतर शहरे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतरच्या हैदराबाद राज्यात असल्याने तेथील नगरपालिका वेगळ्या कायद्यांखाली चालत. १९६५ चा नगरपालिका अधिनियम आणि १९६६ चा नगररचना अधिनियम यांनी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा यांना एका चौकटीत आणले.

या अधिनियमानुसार नगरपरिषद किंवा महानगरपालिका ही आपल्या हद्दीसाठी 'नियोजन प्राधिकरण' असते. तिने विकास योजना तयार करावयाची असते. या योजनेत रस्ते, शाळा, बाजार, उद्याने, दवाखाने इत्यादींसाठी जागा आरक्षित केल्या जातात. योजनेचा प्रवास साधारणपणे पुढीलप्रमाणे होतो :

* योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करणे व सध्याच्या जमीनवापराचा नकाशा तयार करणे;
* प्रारूप योजना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविणे (कलम २६);
* नियोजन समितीपुढे सुनावणी घेणे (कलम २८); या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य व नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात;
* योजना शासनाकडे सादर करणे (कलम ३०);
* शासनाने ती जशीच्या तशी, फेरबदलांसह किंवा अंशतः मंजूर करणे (कलम ३१).

योजना शहर तयार करते आणि तिला अंतिम रूप राज्य शासन देते, असे या रचनेचे स्वरूप आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात जानेवारी २०११ मध्ये हा अधिनियम नियोजित विकासासाठीची स्वयंपूर्ण संहिता असल्याचे म्हटले. म्हणून त्याखालील वाद सोडविताना प्रथम त्याच्याच कलमांकडे पाहिले जाते.

## राज्य शासनाचे अधिकार

नागरी संस्था व शासन यांच्यातील मतभेद बहुधा पुढील तरतुदींभोवती उद्भवतात.

फेरबदलाचा अधिकार. मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करण्याचा प्रस्ताव नियोजन प्राधिकरण कलम ३७(१) खाली पाठवू शकते. सार्वजनिक हितासाठी तातडीची गरज आहे असे वाटल्यास शासन स्वतःहूनही कलम ३७(१कक) खाली सूचना प्रसिद्ध करून व हरकती ऐकून फेरबदल करू शकते. असा फेरबदल योजनेचे मूळ स्वरूप बदलणारा नसावा, अशी अट आहे.

निदेश देण्याचा अधिकार. कलम १५४ नुसार शासन नियोजन प्राधिकरणांना निदेश देऊ शकते व ते पाळणे त्यांच्यावर बंधनकारक असते.

योजना हाती घेण्याचा अधिकार. ठरलेल्या मुदतीत योजना पूर्ण झाली नाही, तर ते काम शासन आपल्या अधिकाऱ्याकडे सोपवू शकते. पुणे शहराच्या जुन्या हद्दीची सुधारित विकास योजना मार्च २०१५ मध्ये याच पद्धतीने महानगरपालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे देण्यात आली. जानेवारी २०१७ मध्ये शासनाने तिला मंजुरी दिली.

विशेष नियोजन प्राधिकरण. कलम ४० अन्वये एखाद्या क्षेत्राचे नियोजन स्थानिक संस्थेऐवजी महामंडळाकडे देता येते. औद्योगिक वसाहतींसाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि समृद्धी महामार्गालगतच्या नियोजित नवनगरांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ ही त्याची उदाहरणे होत.

ठराव रोखण्याचा अधिकार. महानगरपालिकेचा ठराव कायद्याविरुद्ध किंवा सार्वजनिक हिताला बाधक आहे असे शासनास वाटल्यास महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ प्रमाणे तो निलंबित व नंतर विखंडित करता येतो. तत्पूर्वी संस्थेला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. नगरपरिषदांच्या बाबतीत ठरावाची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

या शेवटच्या तरतुदीमुळे एक विलक्षण स्थिती उद्भवू शकते. शासनाविरुद्ध न्यायालयात जाण्याचा ठरावच शासनाने निलंबित केला, तर संस्थेस प्रथम त्या निलंबनाविरुद्ध दाद मागावी लागते आणि मूळ वाद त्यामागे राहतो.

## एकत्रीकृत नियमावली

पूर्वी अनेक महानगरपालिकांची विकास नियंत्रण नियमावली निराळी असे आणि अ, ब व क वर्ग नगरपरिषदांसाठी प्रमाणित नियमावली होती. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. ती कलम ३७(१कक) व कलम २०(४) या अधिकारांखाली काढण्यात आली. बृहन्मुंबई महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, नैना क्षेत्र, जवाहरलाल नेहरू बंदराचे क्षेत्र, गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे आणि लोणावळा यांना वगळून ती उर्वरित महाराष्ट्रास लागू झाली.

या नियमावलीने रस्त्याच्या रुंदीनुसार अनुज्ञेय बांधकामाचे प्रमाण ठरविले. या प्रमाणास चटई क्षेत्र निर्देशांक किंवा व्यवहारात एफएसआय म्हणतात. जिने, सज्जे, मार्गिका अशा अनुषंगिक भागांसाठी अधिमूल्य भरून निवासी बांधकामास ६० टक्के व इतर वापरास ८० टक्के अतिरिक्त क्षेत्र घेण्याची सोयही तीत आहे.

नियमावलीच्या समर्थकांच्या मते तिच्यामुळे गावोगावचे वेगवेगळे अर्थ संपले, परवानगीची प्रक्रिया सुलभ झाली आणि लहान शहरांनाही मोठ्या शहरांसारखी बांधकामाची मुभा मिळाली. टीकाकारांचा मुद्दा असा की, शहरांची पाणी, मलनिस्सारण व रस्ते पेलण्याची क्षमता सारखी नसताना नियम मात्र एकसारखे झाले. इमारतीची उंची ठरविणारा नियम मुंबईत तयार होतो, तर त्या इमारतीतील कुटुंबांना पाणी पुरविण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर राहते. संस्था न्यायालयात गेलीच, तर तिच्या तक्रारीचा गाभा हाच असण्याचा संभव असतो.

## महत्त्वाचे न्यायनिर्णय

### कळंगुट ग्रामपंचायत (२०१२)

स्थानिक संस्था आपल्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध याचिका करू शकते काय, या प्रश्नावर गोव्यातील कळंगुट ग्रामपंचायतीचा खटला मार्गदर्शक मानला जातो. एका बांधकाम कंपनीशी संबंधित प्रकरणात पंचायतीने घेतलेला निर्णय पंचायत संचालनालयाच्या अतिरिक्त संचालकांनी फिरविला. त्याविरुद्ध पंचायत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली असता, वरिष्ठ प्राधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार तिला नाही, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये हा निष्कर्ष अमान्य केला. पंचायती या घटनेने निर्माण केलेल्या स्वशासनाच्या संस्था आहेत. लोकहितासाठी घेतलेला त्यांचा निर्णय रद्द झाल्यास तो आदेश न्यायालयात तपासून घेण्याचा अधिकार त्यांना असला पाहिजे, असे त्या निर्णयाचे सूत्र आहे.

हा निर्णय पंचायतींच्या, म्हणजे संविधानाच्या भाग नऊच्या संदर्भात आहे. भाग नऊ-क ची रचना त्याच धर्तीची असल्यामुळे नगरपालिकांच्या बाजूनेही तो तर्क मांडता येतो.

### पुणे महानगरपालिका विरुद्ध प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन (२००४)

या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विकास नियंत्रण नियम करणे व बदलणे हे विधायी स्वरूपाचे कार्य असल्याचे म्हटले आणि कलम ३७ खाली प्रस्ताव फेरबदलांसह मंजूर करण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला. या निर्णयाचा परिणाम नागरी संस्थांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नियम हा विधायी स्वरूपाचा ठरला की, 'आमच्या शहरास तो योग्य नाही' एवढ्या कारणावरून न्यायालय तो रद्द करीत नाही. तो मूळ कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, घटनेशी विसंगत आहे, उघडपणे मनमानी आहे किंवा ठरलेली कार्यपद्धती डावलून केला आहे, यांपैकी काही तरी सिद्ध करावे लागते.

### मनोहर जोशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०११)

पुण्यातील एरंडवणे भागातील प्राथमिक शाळेसाठी आरक्षित भूखंड शासनाच्या निर्देशानंतर निवासी इमारतीसाठी मोकळा करण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ही कारवाई बेकायदा ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये तो निर्णय कायम केला. शासनाचे अधिकार व्यापक असले तरी ते कायद्याने घालून दिलेल्या मार्गानेच वापरले पाहिजेत, हे या निर्णयाने अधोरेखित केले. शाळेची जागा महानगरपालिकेच्या योजनेतील होती, पण ज्या याचिकांमुळे हा निर्णय झाला त्या महानगरपालिकेने केलेल्या नव्हत्या.

### मुंबईतील गिरण्यांच्या जमिनी (२००६)

मुंबईतील कापड गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनींविषयी १९९१ च्या नियमावलीत नियम ५८ होता. त्याप्रमाणे पुनर्विकासाच्या वेळी जमिनीचा सुमारे एकतृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेस, एकतृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकास मिळावयाचा होता. २००१ मधील बदलानंतर ही विभागणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली आणि सार्वजनिक हिस्सा पुष्कळ घटला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये संस्थेच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला व २००१ चा नियम वैध ठरविला. या वादातही शहराच्या वाट्याची जमीन पणाला लागली होती आणि दाद मागणारी मात्र नागरिकांची संस्था होती.

## निर्णय कोणी घ्यावयाचा

न्यायालयात जाण्याचा अधिकार संस्थेचा असला तरी संस्था स्वतः वकीलपत्रावर सही करू शकत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८१ प्रमाणे न्यायालयीन कामकाज चालविण्याचे काम आयुक्तांकडे असते आणि त्यातील महत्त्वाच्या पावलांना स्थायी समितीची मान्यता लागते. धोरणात्मक भूमिका सर्वसाधारण सभा ठरावाने घेते. आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. नगरपरिषदेत हीच भूमिका मुख्याधिकाऱ्यांकडे असते आणि तेही शासनाचेच अधिकारी असतात.

यामुळे सभेचा ठराव एका बाजूस आणि तो अमलात आणणारा अधिकारी दुसऱ्या बाजूस अशी स्थिती संभवते. आयुक्तांनी शासनाच्या आदेशाचे पालन करावे की सभेच्या ठरावाचे, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहतो. ठराव कायद्याशी विसंगत आहे असे वाटल्यास ते तो शासनाकडे पाठवू शकतात. नगरसेवक किंवा महापौर व्यक्तिशः याचिका करू शकतात, पण ती संस्थेची याचिका ठरत नाही.

संस्थेवर प्रशासक असताना हा पेच आणखी वाढतो. प्रशासकाकडे सर्वसाधारण सभा व स्थायी समिती या दोहोंचे अधिकार एकवटतात आणि त्याची नेमणूक शासनानेच केलेली असते. अनुच्छेद २४३-प मध्ये पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन आहे. तरीही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयी मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर महाराष्ट्रातील बहुतेक नागरी संस्थांच्या निवडणुका लांबणीवर पडल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मधल्या काळात शासनाच्या निर्णयास विरोध नोंदवू शकणारी लोकनियुक्त सभाच अनेक शहरांत अस्तित्वात नव्हती.

## जालना शहराचे उदाहरण

जालना हे कुंडलिका नदीकाठचे शहर १ मे १९८१ पासून जालना जिल्ह्याचे मुख्यालय आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. पोलादाच्या पुनर्रोलिंग गिरण्या आणि संकरित बियाण्यांचा उद्योग यांसाठी ते ओळखले जाते. पिण्याच्या पाण्यासाठी शहर जायकवाडी धरणावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. अशा शहरात किती मजले बांधावेत हा प्रश्न पाणी किती लांबून आणावे लागते, या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

'अ' वर्ग नगरपरिषद असलेले जालना ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याची २९ वी महानगरपालिका झाले. या बदलाने शहराचे शासनाशी असलेले कायदेशीर नातेही बदलले.

* नगरपरिषद असताना शहराला १९६५ चा अधिनियम लागू होता आणि ठराव रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे होता. महानगरपालिका झाल्यावर १९४९ चा अधिनियम लागू झाला आणि हा अधिकार थेट राज्य शासनाकडे आला.
* मुख्याधिकाऱ्यांऐवजी आयुक्त आले आणि न्यायालयीन कामकाज त्यांच्या व स्थायी समितीच्या कक्षेत गेले.
* नगररचना अधिनियमाखालील नियोजन प्राधिकरण हा दर्जा दोन्ही अवस्थांत कायम राहिला. मात्र औद्योगिक वसाहतींचे नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडेच आहे. जेथे शहराची मोठी रोजगारनिर्मिती होते, तो भाग शहराच्या नियोजनाच्या कक्षेबाहेर राहतो.

नगरपरिषदेच्या २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या सभेची मुदत संपल्यावर शहराचा कारभार प्रशासकाकडे गेला. नव्या महानगरपालिकेचा आरंभही प्रशासकाच्या हातूनच झाला. पहिली लोकनियुक्त सभा जानेवारी २०२६ मधील निवडणुकीनंतर आली. एकत्रीकृत नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, तेव्हा नगरपरिषदेची सभा अस्तित्वात होती. महानगरपालिका झाल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मात्र शासनाच्या कोणत्याही विकासविषयक आदेशास आव्हान द्यावयाचे झाले असते, तर तो निर्णय शासननियुक्त प्रशासकालाच घ्यावा लागला असता.

जालन्यातून उच्च न्यायालयात जाणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे चालतात. हे खंडपीठ ऑगस्ट १९८१ मध्ये, म्हणजे जालना जिल्हा निर्माण झाला त्याच वर्षी सुरू झाले. ते सुमारे ६० किलोमीटर अंतरावर असल्यामुळे अंतर हा शहरापुढील मोठा अडथळा राहिलेला नाही. अडचण आहे ती निर्णयाच्या व पैशाच्या स्वातंत्र्याची.

## आर्थिक परावलंबन

नगरपरिषदांच्या क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. महानगरपालिकांमधील जकात व तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर हेही पुढे गेले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महानगरपालिकांना नुकसानभरपाई देण्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. मालमत्ता कर, पाणीपट्टी व विकास शुल्क ही स्वतःच्या उत्पन्नाची साधने संस्थांकडे राहिली असली, तरी पगार व मोठी कामे यांसाठी बहुतेक मध्यम शहरे शासनाच्या निधीकडे पाहतात. ज्याच्याकडून दरमहा निधी यावयाचा त्याच्याविरुद्ध खटला चालविणे संस्थेस अवघड जाते. खटल्याचा खर्चही करदात्यांच्या पैशातूनच होतो, आणि दोन्ही बाजूंचा खर्च अखेर त्याच नागरिकांवर पडतो.

सरकारी यंत्रणांनी आपसात न्यायालयात जाऊ नये, असे मत न्यायालयांनीही वेळोवेळी व्यक्त केले आहे. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार पूर्वसंमती देणारी समिती नेमली गेली होती. ती व्यवस्था उपयोगी पडण्याऐवजी विलंबास कारण होत असल्याचे आढळल्यावर फेब्रुवारी २०११ मध्ये न्यायालयाने ते आदेश मागे घेतले.

## न्यायालयाबाहेरील मार्ग

न्यायालयात जाण्यापूर्वी किंवा त्याऐवजी नागरी संस्थेस पुढील मार्ग उपलब्ध असतात :

* शासनाने फेरबदलाची सूचना प्रसिद्ध केल्यावर मुदतीत संस्थेच्या नावाने लेखी हरकत नोंदविणे. पुढे याचिका करावयाची झाल्यास ही हरकत महत्त्वाचा पुरावा ठरते;
* आपल्या शहरापुरता वेगळा नियम हवा असल्यास कलम ३७(१) खाली स्वतः फेरबदलाचा प्रस्ताव पाठविणे;
* पाणी, मलनिस्सारण व वाहतूक यांच्या क्षमतेचा अहवाल तयार करून तो ठरावासोबत नगरविकास विभागास सादर करणे;
* स्थानिक आमदारांमार्फत विधिमंडळात प्रश्न उपस्थित करणे.

लोकमताच्या दबावाने बदल झाल्याचेही उदाहरण आहे. गोव्याची प्रादेशिक योजना २०११ ही राज्यभर झालेल्या जनआंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये तेथील सरकारने मागे घेतली.

नागरिकही स्वतंत्रपणे दाद मागू शकतात. उडुपी नगरपालिकेसंबंधीच्या के. रामदास शेणॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये, नगररचना योजनेचा भंग होत असल्यास तेथील रहिवाशाला तक्रार करण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले. महाराष्ट्रात विकासविषयक नियमांविरुद्धचे गाजलेले खटले नागरिकांनीच लढविल्याचे दिसते, त्यामागे हा अधिकार आहे.

## इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत शहरांच्या अधिकारांविषयी दोन परंपरा आहेत. आयोवा राज्यातील न्यायाधीश जॉन डिलन यांच्या १८६८ च्या निर्णयावरून 'डिलनचा नियम' रूढ झाला. त्यानुसार शहरे ही राज्याची निर्मिती असून राज्याने स्पष्टपणे दिले तेवढेच अधिकार त्यांना असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०७ मध्ये पिट्सबर्ग शहराविषयीच्या खटल्यात तशीच भूमिका घेतली. याउलट कॅलिफोर्नियासारख्या राज्यांच्या घटनेने सनदी शहरांना स्थानिक बाबतींत स्वतःचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे.

घरांची टंचाई दूर करण्यासाठी कॅलिफोर्नियाने एका कुटुंबासाठी राखीव निवासी भूखंडांवर अधिक घरे बांधण्यास मुभा देणारा कायदा केला. तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. रेडोंडो बीच व इतर काही सनदी शहरांनी या कायद्यास आव्हान दिले. एप्रिल २०२४ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याच्या न्यायालयाने त्या शहरांच्या बाजूने निकाल दिला. तेथे शहराचा वकील राज्याने नेमलेला नसतो आणि खटला भरण्याचा निर्णय निवडून आलेले नगरमंडळ घेते. महाराष्ट्रातील शहरांना दावा लावण्याचा अधिकार आहे, पण स्वतःच्या सनदेचे संरक्षण आणि स्वतः नेमलेला मुख्य अधिकारी या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे नाहीत.

## मतभेदाचे मुद्दे

नागरी संस्थांनी शासनाविरुद्ध न्यायालयात जावे असे मानणाऱ्यांच्या मते, वाद उघडपणे व कारणांसह लढला गेल्याने शासनालाही आपल्या निर्णयाची कारणे द्यावी लागतात. संस्था गप्प राहिल्यास हा भार सामान्य नागरिकांवर पडतो. त्यांच्याकडे संस्थेइतकी माहिती, नकाशे व तांत्रिक मनुष्यबळ नसते.

विरोधी मतानुसार शहराच्या हिताचा अंतिम विचार राज्यालाच करावा लागतो. रस्ते, पाणी व घरबांधणी यांचे प्रश्न हद्दीच्या रेषेवर थांबत नाहीत. शिवाय प्रत्येक शहराने आपल्या सोयीचे नियम राखण्यासाठी खटले भरल्यास बाहेरून येणाऱ्या गरजूंना घरे मिळणे कठीण होईल. स्थानिक सभाही नेहमी निःस्वार्थ असते असे नाही, आणि आरक्षणे उठविण्याचे ठराव स्थानिक पातळीवरही होत असतात, याकडे या मताचे लोक लक्ष वेधतात.

नगररचना व लोकप्रशासनाच्या अभ्यासात या दोन मतांच्या पलीकडे आणखी एक प्रश्न विचारला जातो : कायद्याने संस्थेस स्वतंत्र नाव व मुद्रा दिली असताना ती मुद्रा उमटविणारा हात कोणाचा असावा. सभेला स्वतःचा विधी सल्लागार नेमता यावा, शासनाशी वाद असलेल्या प्रकरणांत आयुक्तांऐवजी सभेने ठरविलेल्या प्रतिनिधीस संस्थेची बाजू मांडता यावी आणि प्रशासकाच्या काळात नियमांत दूरगामी बदल करू नयेत, या तीन सुधारणांचा विचार या संदर्भात होतो. जालन्यासह ज्या शहरांत लोकनियुक्त सभा दीर्घ खंडानंतर परतल्या आहेत, तेथे नव्या विकास योजनांच्या वेळी हा प्रश्न पुन्हा उपस्थित होण्याचा संभव आहे.